पाळीव प्राण्यांच्या वर्तनाचं उच्च शिक्षण घ्यायचंय? काय लागतं ते वाचा

घरचा कुत्रा अचानक चावू लागला, तर डॉग ट्रेनरला बोलवायचं की डॉक्टरांना? आधी डॉक्टर, कारण दुखणं असलं तरी जनावर चिडतं. म्हणून या विषयातही पाया पशुवैद्यकाचा असलेला बरा. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र घेऊन ‘नीट’ द्यावी लागते. मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं बीव्हीएस्सी, पुढे दोन वर्षांचं एमव्हीएस्सी. कुर्ल्याच्या मुलांना १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच, परळला. धीम्या लोकलने चौथं स्टेशन. प्राण्यांच्या वर्तनावरच्या उपचारांची वेगळी एमएस्सी इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात आहे. चार आठवड्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर मात्र औषधोपचार करता येत नाहीत; त्याला १९८४ च्या कायद्यानुसार पशुवैद्यक म्हणून नोंदणी लागते. फी भरण्याआधी हे विचारून घ्या.