इथिओपियातली गुरं आणि मुलांचं ताट

आजचा विषय मांसाचा आहे. काही मंडळी नाक मुरडतील. मुरडा, पण ऐका. तुम्ही काय खावं हे सांगायला मी आलेलो नाही. प्रश्न इथिओपियातल्या मुलांचा आहे.

आफ्रिकेत सर्वांत जास्त गुरं इथिओपियात आहेत. नुसते गाई-बैलच साडेसहा कोटींच्या पुढे, शेळ्या-मेंढ्या वेगळ्या. आणि याच देशात २०१९ च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे ३७ मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. याला घाण पाणी, हगवण, आईचं स्वतःचं कुपोषण अशी पुष्कळ कारणं असतात. पण रोजचं जेवण बघा: इंजेरा, मका, डाळीचं कालवण. लहान मुलाचं पोट मुळात इवलंसं. धान्यातलं लोह आणि जस्त अंगी कमी लागतं, आणि ब-१२ जीवनसत्त्व तर धान्यात नसतंच.

शेजारच्या केनियात, एम्बू भागात, १९९८ पासून दोन वर्षं बारा शाळांत एक प्रयोग झाला. मुलांना गिथेरी, म्हणजे मका-घेवड्याची उसळ दिली. काहींच्या गिथेरीत मांस, काहींना सोबत दूध, काहींना नुसतं जादा तेल, आणि काही शाळांत काहीच नाही. मांस मिळालेल्या मुलांचे दंड भरले, आकृत्यांवरून तर्क करण्याच्या चाचणीत ती पुढे गेली, मैदानावर जास्त खेळायला लागली. मांस किती? दिवसाला ६० ग्रॅम, पुढे ८५.

मग एवढी गुरं असताना एवढंसं मांस पोचत का नाही? अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात वोलो प्रांतातला १९७३ चा दुष्काळ तपासला. जनावरांचा भाव कोसळला, धान्याचा त्या मानाने टिकला. पशुपालक एरवी जनावर विकून धान्य घेतो. तोच व्यवहार मोडला. तेव्हा गुरं असणं आणि खायला मिळणं यांच्यामध्ये बाजार उभा असतो, हे आधी समजून घ्या.

आज तो बाजार कसा चालतो? दक्षिणेकडचा बोराना पशुपालक जनावर चालवत बाजाराला नेतो. पुढे ट्रक. मोयालेपासून आदिस अबाबा सातशे किलोमीटरहून जास्त आहे. वाटेत चारा-पाणी तुटपुंजं, जनावर आटतं, आणि प्रत्येक दलालाचा वाटा भावात चढतो. शेवटी खाटकाकडे जे टांगलं जातं ते गरिबाच्या आवाक्यात राहत नाही. उलट मोजोच्या निर्यात कत्तलखान्यांतून शेळ्या-मेंढ्यांचं थंड केलेलं मांस विमानाने आखाती देशांत जातं. म्हणजे शीतसाखळी जमते की! गिऱ्हाईक पैसेवालं असलं की जमते.

माझं मत असं, की जनावराऐवजी मांसाने प्रवास करावा. चराईच्या जवळ छोटे कत्तलखाने हवेत: पाणी, सांडपाण्याची सोय, पशुवैद्याची तपासणी. तपासणी फार महत्त्वाची, कारण तिथे कच्चं मांस आवडीने खातात आणि त्यातून पट्टकृमी होतात. जिथे वीज नाही तिथे 'क्वांता' आहेच, मीठ-मसाला लावून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. आपल्याकडे बोंबील वाळवतात तसंच. काळजाचा एक छोटा तुकडाही लहान मुलाला पुष्कळ झाला.

एक अडचण मात्र रस्ता बांधून सुटत नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवार-शुक्रवार आणि ईस्टरआधी ५५ दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. लहान मुलांना उपवास नसतो. पण घरात चूल एकच, भांडी तीच, ती बाटतील म्हणून आई मुलासाठी वेगळं शिजवत नाही. तिथल्या धर्मगुरूंनीच या आयांशी बोलायला हवं. बाहेरच्या तज्ज्ञाचं कोण ऐकणार?

आणि गिऱ्हाईक कोण, असं तुम्ही विचाराल. शाळा. शाळेच्या जेवणासाठी आठवड्याला ठरावीक मांस किंवा क्वांता विकत घेतला, तर छोट्या कत्तलखान्याला वर्षभर काम राहील, आणि उपवासाच्या दिवसांत शाळांनी त्याऐवजी काय द्यायचं ते गावाने ठरवावं.