कोडे की जुगार?

कोडे घालणे आणि सोडवणे हा माणसाचा फार जुना छंद. उखाण्यापासून शब्दकोड्यापर्यंत त्याची रूपे बदलली. पण एक अलिखित करार कायम राहिला. कोडे घालणाराने उत्तर लपवावे, मात्र उत्तराकडे जाणारी वाट बुजवू नये. आमच्या वसतिगृहात सध्या मोबाइलवर एक चित्रकोडे खेळले जाते. त्यात हा करार मोडतो की नाही, यावर मेसच्या पंगतीत आणि बडनेरा-अकोला गाडीत पुष्कळ वाद झडले. त्या वादाचा हा परामर्श.

प्रथम खेळ समजून घेऊ. हे कोडे मूळचे जपानचे. १९८७ च्या सुमारास नोन इशिदा आणि तेत्सुया निशियो या दोघांना ते स्वतंत्रपणे सुचले. १९९० साली इंग्लंडच्या 'संडे टेलिग्राफ'ने ते छापावयास घेतले, तर १९९५ मध्ये 'मारिओज पिक्रॉस' या नावाने ते निन्टेन्डोच्या हातातल्या खेळयंत्रावर आले.

यात घरांची एक जाळी असते. प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीच्या टोकाशी आकडे असतात. त्या ओळीत सलग किती घरे काळी करायची, ते हे आकडे सांगतात. समजा, ओळीत १० घरे आहेत आणि आकडा ८ आहे. आठांची ही रांग कोठूनही सुरू झाली, तरी तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सहा घरे काळी असणारच. येथे अंदाज नाही, शुद्ध तर्क आहे. अशी खात्रीची घरे भरत गेले, की शेवटी मासा, छत्री किंवा बैल डोळ्यांपुढे उभा राहतो.

आता दोष पाहा. दोन आडव्या व दोन उभ्या ओळींची, चारच घरांची जाळी घ्या. चारही ओळींचा आकडा १. काळी घरे या कर्णावर ठेवा वा त्या कर्णावर, दोन्ही उत्तरे बरोबर! मोठ्या कोड्यात शेवटी अशी चार घरे उरली, की तर्काचे काम संपते. खेळाच्या पोटात मात्र एकच चित्र ठरलेले असते. दुसरा कर्ण भरला, की मिळालेल्या तीन बदामांपैकी एक गेलाच.

खेळणारांची मते तीन पडली. अकोल्याचा एक मित्र म्हणतो, "पत्त्यांत नशीब चालते, मग येथे का नको?" अमरावतीचा दुसरा भडकून म्हणाला, "डोक्शानं सुटत नाही त थे कोडं कायचं बे?" एका वर्गभगिनीचा मार्ग मधला. तिच्या मते उरलेली घरे चित्राकडे पाहून ठरवावीत. छत्रीचा दांडा कोठे वळतो, हे डोळ्याला कळतेच.

मला दुसरे मत पटते. पत्त्यांत नशीब आहे, हे डाव मांडतानाच ठाऊक असते. चित्राचा आधार म्हणावा, तर कित्येकदा दोन्ही कर्ण चित्रात सारखेच शोभतात. तर्काचे आश्वासन देऊन अंदाजाला दंड करणे, हा खरा दोष.

हा भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही पाहिला आहे. 'मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला' या १९५७ च्या खटल्यात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा प्रश्न होता. तेथेही दोन शब्द सारखेच बसत. बक्षीस मात्र आयोजकांनी आधी ठरवलेल्या शब्दाशी जुळणाऱ्यालाच. न्यायालयाने त्याला कौशल्य न मानता जुगार ठरविले. मोबाइलवर पैसा नसेल, पण ठरलेल्या उत्तराशी जुळण्याची ती धडपड तीच आहे.

आपणा विद्यार्थ्यांना हे दुःख परके नाही. बहुपर्यायी प्रश्नाचे दोन पर्याय बरोबर निघाले, तर लोकसेवा आयोगाच्या पहिल्या उत्तरतालिकेवर निदान हरकत तरी घेता येते. खेळात हरकतीला जागाच नाही. वास्तविक १० गुणिले १० घरांच्या कोड्याला उत्तर एकच आहे की नाही, हे संगणक क्षणात तपासू शकतो. मोठ्या जाळीत ही तपासणी अवघड होत जाते, हे खरे. पण लहान कोड्यांना ती सबब लागू नाही. तेव्हा, खेळ रचणारांनी कोडे आमच्यापुढे ठेवण्यापूर्वी एवढे कष्ट घ्यावेत. हरण्याची आमची तयारी आहे. फक्त आमच्या डोक्याने हरू द्या.