उंदरांत नापास, कोंबड्यांत पास!

कोलेस्टेरॉल वाढले की डॉक्टर जी गोळी लिहून देतात, ती बहुधा स्टॅटिन गटातली असते. अटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन ही नावे आता घरोघरी माहीत झाली आहेत. मात्र या गटातले सर्वांत आधी सापडलेले औषध उंदरांवरील चाचणीत सपशेल नापास झाले होते.

कोणतेही नवे औषध माणसाला देण्याआधी पेशींवर आणि प्राण्यांवर तपासले जाते. यालाच ‘प्री-क्लिनिकल’ संशोधन म्हणतात. औषध काम करते का आणि ते कितपत सुरक्षित आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे तिथे शोधली जातात. हृद्रोगाच्या बाबतीत ही उत्तरे किती फसवी असू शकतात, हे स्टॅटिनच्या इतिहासातून दिसते.

आपल्या शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतात तयार होते. त्यासाठी एक विशिष्ट एन्झाइम लागते. ते रोखणारा पदार्थ एखादी बुरशी तयार करत असेल, असा जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांचा कयास होता. ‘सांक्यो’ या औषध कंपनीत त्यांनी १९७१पासून सुमारे सहा हजार बुरशी तपासल्या. अखेर १९७३मध्ये क्योटोतील एका धान्य दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत तो पदार्थ सापडला. त्याला ‘कॉम्पॅक्टिन’ हे नाव मिळाले.

परीक्षानळीत प्रभावी ठरलेले कॉम्पॅक्टिन उंदरांना दिले, तेव्हा त्यांचे कोलेस्टेरॉल कमी झालेच नाही. औषध एन्झाइमला रोखत होते. पण उंदरांचे यकृत तेच एन्झाइम कितीतरी पट अधिक तयार करून ती कसर भरून काढत होते. शिवाय धमन्यांत साचणारे एलडीएल कोलेस्टेरॉल उंदरांच्या रक्तात मुळातच कमी असते. जे फारसे नाही, ते कमी तरी कसे होणार?

संशोधन तिथेच थांबायचे, पण एंडो यांनी प्राणी बदलला. अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल भरपूर असते, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीच्या रक्तातही ते भरपूर असणार, असा त्यांचा तर्क होता. १९७६मध्ये कोंबड्यांच्या खाद्यात कॉम्पॅक्टिन मिसळले गेले. काही आठवड्यांत त्यांचे कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आले. पुढे कुत्रे आणि माकडांतही गुण दिसला.

मग उलटी अडचण आली. १९८०मध्ये, दीर्घकाळ फार मोठे डोस दिलेल्या कुत्र्यांत कर्करोगाचा संशय आल्याने सांक्योने कॉम्पॅक्टिनचा विकास थांबवला. ‘मर्क’ या अमेरिकी कंपनीनेही आपल्या लोवास्टॅटिनच्या मानवी चाचण्या रोखल्या. प्राण्यांवर नव्याने सखोल तपासण्या झाल्या, रुग्णांवरील चाचण्या पुन्हा सुरू झाल्या आणि १९८७मध्ये लोवास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते बाजारात आलेले पहिले स्टॅटिन. कॉम्पॅक्टिन मात्र कधीच बाजारात आले नाही.

आजही हा पेच सुटलेला नाही. छोट्या उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडते, तर माणसाचे साधारण सत्तर वेळा. त्यामुळे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी औषधे अनेकदा ससा, कुत्रा किंवा डुक्कर अशा मोठ्या प्राण्यांवर तपासावी लागतात. मूलपेशींपासून तयार केलेल्या मानवी हृदयपेशीही आता प्रयोगशाळेत धडधडतात. प्राण्यांऐवजी अशा पद्धती वापरण्यास भारताने २०२३मध्ये नियमांत बदल करून वाट मोकळी केली आहे. मात्र ताटलीतल्या पेशींना यकृत नसते, रक्तदाब नसतो आणि वयही नसते. त्यामुळे एका चाचणीवर विसंबून चालत नाही.

म्हणूनच ‘उंदरांवर प्रयोग यशस्वी, हृद्रोगावर नवे औषध’ अशी बातमी वाचताना प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला आणि माणसांवर चाचणी झाली आहे का, एवढे जरूर पाहावे. अशा बातमीच्या भरवशावर चालू असलेली गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.