आठ बाय दहाची शेड

बंगल्याच्या मागच्या अंगणात किंवा मुळशी-कर्जतकडे घेतलेल्या दहा गुंठ्यांत बागेचं सामान ठेवायला एक शेड हवी, असं फॅब्रिकेटरला सांगितलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पत्रा कुठला टाकायचा?’ मग निळा की विटकरी, जीआय की कलर कोटेड, चौरस फुटाला काय पडेल, यावर तासभर खल होतो. जमिनीत काय जाणार याबद्दल कोटेशनमध्ये बहुधा एवढंच असतं: ‘फाउंडेशन पार्टीकडे.’ पार्टी म्हणजे तुम्ही.

पैशाचं मोल हवं असेल तर हे बोलणं उलट्या टोकाने सुरू करावं. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत घराघरांवरचे पत्रे उडाले. अशा वाऱ्यात पत्रा फाटतो तो क्वचित. तो मुळापासून सुटतो, कधी पर्लिनसकट, म्हणजे खालच्या आडव्या आधारासकट. आठ बाय दहा फुटांचं छत म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं हे सगळं छत भरतं तीस-पस्तीस किलो. ताशी १०० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला ४५ ते ५० किलोचा दाब देतो. तेवढीच ओढ वरच्या दिशेने धरली तर छताला साडेतीनशे किलोचा हिसका बसतो, आणि दार उघडं राहून वारा आत शिरला तर त्याहून जास्त. वाऱ्याच्या भाराबद्दलचं भारतीय मानक पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर वेग धरायला सांगतं, म्हणजे ताशी अनुक्रमे १४० आणि १५८ किलोमीटर. पुण्याच्या आकड्याने हिशेब केला तर हाच हिसका सातशे किलोच्या घरात जातो.

याला उत्तर महाग पत्र्याचं नाही, वजनाचं आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला की तो शंभर किलोचा होतो. असे सहा खड्डे, प्रत्येकात फाउंडेशन बोल्ट, वर बेस प्लेट आणि तिच्यावर खांब, एवढं केलं की शेड सहाशे किलो जमिनीत रोवून उभी राहते. सांगाड्याचं वजन आणि मातीची पकड वेगळी. खर्च होतो सिमेंटच्या थोड्या गोण्या, खडी-वाळू आणि एका दिवसाची मजुरी. कलर कोटेडमध्ये एक पायरी वर चढायला जेवढे पैसे लागतात, त्याच्या आसपासच हे काम बसतं.

बरेच जण चौकोनी पाइप थेट मुरमात गाडून मोकळे होतात. असा पाइप वरून ठणठणीत दिसतो आणि नेमका जमिनीच्या रेषेवर कुजतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. खांबाचा पाय जमिनीच्या वर राहिला पाहिजे. जोतंही निदान नऊ इंच उचलावं: खाली मुरूम ठोकून, वर चार इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट. कोकणात जांभ्याचे दोन थर देऊन जोतं करतात आणि ते छानच दिसतं, पण बोल्ट चिऱ्यात मारू नयेत. जांभा ठिसूळ; बोल्टसाठी कोपऱ्यात काँक्रीटच हवं.

आता पत्रा. ‘शून्य पन्नास’ म्हणून मागितलेला पत्रा शून्य पन्नासच आहे हे डोळ्यांना कळत नाही, वजनकाट्याला कळतं. हे पत्रे चार फुटी रुंदीच्या रोलमधून पन्हळी पाडून निघतात. दहा फूट लांबीचा, अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौदा किलोच्या आसपास भरायला हवा. अकरा-साडेअकरा भरला, तर तुमच्या हातात ०.४० आहे. दुकानात काटा असतोच. एक पत्रा ठेवून बघायला लाज वाटायचं कारण नाही. दुसरी मेख अशी की काहीजण जाडी रंग आणि मुलामा धरून सांगतात, काहीजण आतल्या नुसत्या लोखंडाची. दोन कोटेशनं शेजारी ठेवताना दोघांनी कुठली जाडी धरली आहे ते लिहून घ्यावं.

जाडीपेक्षाही आयुष्य ठरतं मुलाम्यावर. जीआय पत्र्यावर जस्त असतं आणि ते ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम, असं मोजतात. १२० जीएसएम म्हणजे एका बाजूला जेमतेम आठ-नऊ मायक्रॉन. २७५ म्हणजे एकोणीसच्या आसपास. जस्त स्वतः झिजून लोखंड राखतं, त्यामुळे ते जितकं जास्त तितकी वर्षं जास्त. गॅल्व्हॅल्यूम या दुसऱ्या मुलाम्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि उघड्या पावसात ते साध्या जस्तापेक्षा बरंच जास्त टिकतं. पण त्याचं ओल्या सिमेंटशी वैर आहे. भिंतीच्या पत्र्याची खालची कड सिमेंटच्या मालात दाबून फट बुजवायची आपल्याकडे सर्रास सवय आहे, आणि उत्तम गॅल्व्हॅल्यूम तिथूनच खाल्लं जातं. कड जोत्याच्या वर बोटभर ठेवावी. उंदीर-सापांसाठी मागून बारीक जाळी लावावी.

आणि कटिंगच्या वेळी तिथे उभं राहावं. पोरगा पत्र्यांची थप्पी जमिनीवर ठेवतो, वरचा पत्रा ग्राइंडरने कापतो, ठिणग्यांचा फवारा बाजूच्या नव्याकोऱ्या निळ्या पत्र्यावर पडतो. त्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचे कण. रंगात रुतून बसतात आणि एक-दोन पावसांत तिथे तपकिरी ठिपके उमटतात. मग ‘कंपनीचा माल खराब निघाला’ म्हणून बोंब होते. पत्रा कात्रीने किंवा निब्लरने कापायला सांगावं. ग्राइंडरच चालवायचा तर बाकीचे पत्रे झाकून, आणि काम झाल्यावर लगेच झाडून.

स्क्रूचा खर्च एकूण खर्चात सर्वांत छोटा, आणि काटकसर मात्र हटकून तिथेच. छतावर स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारतात, खोलगट भागातून पाणी वाहतं म्हणून. भिंतीवर खोलगटात चालतो. वॉशर ईपीडीएम रबराचा हवा. साधं रबर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं. ड्रिल मशीनचा जोर इतका लागावा की वॉशर थोडा दबेल. तो चेपून बाहेर फाकला असेल तर तिथून पाणी येणारच. कडेच्या ओळीत आणि कोपऱ्यांत स्क्रू दाट घ्यावेत, कारण वारा पत्रा उचलायला तिथूनच सुरुवात करतो.

किती मोठी घ्यावी? आधी सामान अंगणात मांडून बघावं. कुदळ, पहार, फावडी भिंतीला टांगता येतात. जागा खातात ती घमेली, ग्रास कटर, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि खताची पोती. बारा फुटी शिडी आठ बाय दहाच्या शेडमध्ये फक्त कोनाकोनी मावते, आणि ती तशी ठेवली की बाकी काही ठेवता येत नाही. तिला बाहेर पागोळीखाली दोन हुक द्यावेत. दार चार फुटांचं, दोन पानांचं असावं. कोकण-घाटमाथ्यावर पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा दार पूर्वेला. छताला दहा फुटांत दोन-अडीच फूट उतार द्यावा, आणि समोरासमोरच्या भिंतींत वर जाळीच्या खिडक्या. हवा खेळली नाही तर पत्र्याला आतून घाम सुटतो आणि बियाणं बुरसतं. खताचं पोतं पत्र्याला टेकवून ठेवू नये. खत ओल ओढतं आणि पत्रा खातं. ग्रास कटरचं पेट्रोल मे महिन्यात या शेडमध्ये मुळीच नको.

तयार प्लास्टिकच्या शेड मिळतात, दिसायला नेटक्या असतात. गच्चीवर किंवा शहरातल्या छोट्या अंगणात, आडोशाला, त्या शोभतात. मोकळ्या माळावर मला त्यांचा भरवसा वाटत नाही. जुना वीस फुटी कंटेनर हा उरण-पनवेल पट्ट्यात आकर्षक सौदा वाटतो. चोरीची भीती असेल तर त्याला तोड नाही. पण तो रिकामाच दोन टनांहून जड, त्यामुळे क्रेन प्लॉटपर्यंत पोचते का हे पाहूनच बयाणा द्यावा. उन्हात आत उभं राहवत नाही हे वेगळंच. स्वस्त म्हणून सिमेंटचे पत्रे सुचवले जातील. त्यांत ॲस्बेस्टॉस असेल तर कापताना, भोकं पाडताना उडणारी धूळ फुप्फुसांच्या कर्करोगाला कारण ठरते. एवढ्याशा शेडसाठी हा धोका मी तरी घेणार नाही.

एक चौकशी कोटेशनच्याही आधीची. पक्क्या जोत्यावर बोल्टने बसवलेली शेड सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात आली तर पालिका तिला बांधकाम म्हणू शकते, आणि शेजाऱ्याशी वाजलं की तक्रार तिथूनच जाते. पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून, सोसायटी असेल तर लेखी घेऊन मगच खड्डे खणावेत.

कोटेशन ‘लमसम’ घेऊ नये. काँक्रीट किती, पाइपची जाडी किती, पत्र्याचं वजन आणि जीएसएम, स्क्रू कुठले, वाहतूक कोणाकडे, हे वेगवेगळं लिहून मागावं. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये यातल्या दोन-तीन ओळी हटकून गायब असतात. काम बहुधा एप्रिल-मेमध्ये होतं, म्हणजे गळती कळायला पाऊस नसतो. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी मोटर चालू करून बागेचा पाइप छतावर धरावा, पंधरा मिनिटं, पश्चिमेच्या बाजूने तिरका. फॅब्रिकेटरला तेवढा वेळ आत उभं करावं.