वडीलधाऱ्यांचा प्रवास

जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी घडते. मागील सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत चालला. त्या वेळी आम्ही धर्मग्रामातून एक गाडी ठरविली, जेवणखाणासह माणशी एकच दर लावला आणि रविवारच्या मिस्सेनंतर सर्वांसमक्ष नावे नोंदविली. गाडी भरली, पण साठीपुढची माणसे तीत बोटांवर मोजण्याइतकीच! एका आजींस विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "गुडघं धरल्यात, फादर. तुम्ही जाऊन या. माझ्या नावानं एक मेणबत्ती लावा." आम्ही मेणबत्ती लावली, आणि गुडघ्यांवर विश्वासही ठेवला.

पुढे त्याच आजी निपाणीच्या स्थानकावर बेळगावच्या गाडीत चढताना दिसल्या. महिन्यातली ती त्यांची तिसरी खेप होती! ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली स्त्रियांस सरकारी साध्या गाड्यांतून राज्यात तिकीट पडत नाही. बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. तेथे आजींची बहीण असते. लेक मात्र कोल्हापुरास, म्हणजे जवळजवळ निम्म्या अंतरावर. परंतु आंतरराज्य गाड्या या योजनेबाहेर आहेत. महाराष्ट्रानेही ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांस एस.टी.चा प्रवास मोफत केला, पण तोही आपल्या हद्दीपुरताच. कोगनोळीपाशी उतरून, उन्हात उभे राहून दुसरी गाडी धरावी तर चार पैसे वाचतात खरे. मात्र हा हिशेब मांडणाऱ्याचे गुडघे शाबूत हवेत. म्हणून आजी बहिणीकडे जातात, आणि लेक सणाला येईल तेव्हा भेटते.

म्हाताऱ्या पुरुषांस तिकिटात थोडी सूट आहे, माफी नाही. त्यामुळे पुष्कळ घरी म्हातारी एकटी निघते आणि म्हातारा गुरांपाशी राहतो.

एवढे ध्यानी आल्यावर आम्ही आजींच्या घरी गेलो. तंबाखूच्या वखारीत उभी हयात घालविलेल्या त्या बाईंजवळ आज स्वतःचा म्हणावा असा पैसा नाही. बऱ्याच वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "पोरानं आपनहून जा म्हटलं न्हाई, मग म्या कसं म्हनायचं?" मुलास बाहेर गाठून विचारले, तर तो चकित झाला. "आईनंच गुडघ्याचं सांगितलं, फादर!" दवाखाना, मयत, नातीचे बाळंतपण यांसाठी वडीलधाऱ्यांस कोणाकडे मागावे लागत नाही, देवदर्शनासाठी तोंड उघडावे लागते, आणि तेथेच ती थांबतात. त्यात आम्ही सर्वांदेखत नावे घेतली, म्हणजे ज्यांस नाही म्हणणे भाग होते त्यांनी दुखण्याची सबब पुढे करावी यात नवल कोणते?

आता गाडी ठरली की आम्ही आधी घरोघरी मुलासुनांस भेटतो. दर जाहीर करीत नाही. ज्यास जे जमेल ते त्याने बंद पाकिटात द्यावे. गेल्या खेपेस दोन पाकिटे रिकामी निघाली. ती कोणाची, हे आम्ही पाहिले नाही.

गोव्याचे पुढील दर्शन २०३४ साली यावयाचे. आजींचे वय आज ७६ आहे.