विश्लेषण : प्लेलिस्टमधलं गाणं एका रात्रीत गायब का होतं?

पैसे भरूनही गाणं ‘करडं’ दिसतं, डाउनलोड केलेलंही वाजत नाही. दोष फोनचा नसतो, करारांचा असतो. या करारांचा एक मोठा खटला मुंबईतच लढला गेला.

बोरिवलीहून चर्चगेटची जलद लोकल असो किंवा घाटकोपरहून वर्सोव्याची मेट्रो, जागा मिळो न मिळो, इअरफोन आधी कानात जातात. ठरलेली प्लेलिस्ट सुरू होते आणि मध्येच एक गाणं फिकट, करड्या अक्षरांत दिसतं. त्यावर कितीही वेळा बोट दाबा, ते वाजत नाही. नेट चालू असतं, या महिन्याचे पैसेही कापले गेलेले असतात. अनेक जण फोन बंद करून चालू करतात, अॅप काढून पुन्हा टाकतात, पण उपयोग होत नाही. कारण बहुतेक वेळा बिघाड झालेलाच नसतो. ते गाणं वाजवण्याचा अॅपचा परवाना संपलेला असतो.

हा परवाना कोण देतं, तो का संपतो आणि दरमहा पैसे भरणाऱ्याच्या हातात नेमकं काय उरतं, हे समजून घेऊ.

एका गाण्याचे मालक किती?

ऐकणाऱ्यासाठी गाणं एकच असतं. कायद्यासाठी त्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी असतात. गीतकाराचे शब्द, संगीतकाराची चाल आणि स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार या तिन्हींवर स्वतंत्र हक्क असतात आणि ते तीन वेगळ्या हातांत असू शकतात.

चित्रपटगीतांच्या बाबतीत ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा म्युझिक कंपनीकडे असतो. टी-सीरीज, सारेगामा, टिप्स, सोनी, झी म्युझिक ही त्यातली मोठी नावं. मराठीत एव्हरेस्ट, सागरिका, फाउंटन, व्हिडिओ पॅलेस अशा कंपन्या आहेत. शब्द आणि चालीचं मानधन गोळा करून गीतकार-संगीतकारांपर्यंत पोहोचवण्याचं काम ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ म्हणजे आयपीआरएस ही संस्था करते. तुम्ही गाणं ऐकता तो फोन अंधेरीत असेल, तर त्या गाण्याचा हिशेब ठेवणारी बरीच कार्यालयंही अंधेरी-ओशिवरा पट्ट्यातच आहेत.

अॅपला गाणं वाजवायचं असेल तर या सगळ्यांशी करार करावे लागतात. हे करार कायमचे नसतात, ठराविक मुदतीचे असतात. मुदत संपली आणि नव्या रकमेवर एकमत झालं नाही, की एखाद्या कंपनीची हजारो गाणी एकाच वेळी अॅपवरून उतरतात. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफायवरून झी म्युझिकची गाणी गेली, ती याच कारणाने. ‘सैराट’सारख्या चित्रपटाचं संगीत ज्या कंपनीकडे आहे, तीच ही कंपनी. पुढे दोघांचं जुळलं आणि गाणी परत आली. मधल्या काळात ऐकणाऱ्याला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

मग रेडिओवर गाणी का थांबत नाहीत?

इथे कायद्यातला एक महत्त्वाचा फरक समोर येतो. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यात कलम ३१-डी आलं. या कलमानुसार रेडिओ किंवा टीव्ही वाहिनीला एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं वाजवण्यासाठी मालकाची परवानगी मिळवत बसावं लागत नाही. आगाऊ नोटीस द्यायची आणि ठरवून दिलेल्या दराने पैसे भरायचे. मालक ‘नाही’ म्हणू शकत नाही.

मोबाइल अॅपलाही हीच सवलत मिळावी का? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. एका बाजूला टिप्स इंडस्ट्रीज, दुसऱ्या बाजूला एअरटेलचं विंक म्युझिक. दोघांमधल्या परवान्याची मुदत संपली, नव्या रकमेवर बोलणी फिसकटली आणि टिप्सने गाणी काढायला सांगितलं. विंकने कलम ३१-डीचा आधार घेतला. आम्हीही इंटरनेटवरून प्रसारणच करतो, तेव्हा ठरलेल्या दराने पैसे घ्या आणि गाणी राहू द्या, असा तो युक्तिवाद होता. केंद्र सरकारच्या औद्योगिक धोरण विभागाने सप्टेंबर २०१६ मध्ये काढलेल्या एका पत्रकात इंटरनेट प्रसारणही या कलमात येतं, असं म्हटलेलं होतं. विंकने त्याकडेही बोट दाखवलं.

एप्रिल २०१९ मध्ये निकाल आला. न्यायालयाने सांगितलं की कलम ३१-डी रेडिओ आणि टीव्हीपुरतंच आहे. श्रोत्याला हवं ते गाणं हवं तेव्हा ऐकवणं आणि फोनमध्ये उतरवून देणं हे प्रसारण नव्हे. सरकारी पत्रक कायद्यापेक्षा मोठं ठरत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही हाच निष्कर्ष कायम ठेवला.

स्पॉटिफायही याच रस्त्याने गेलं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात पाऊल ठेवताना वॉर्नर-चॅपल या कंपनीशी त्यांचं जुळलं नाही, त्यांनीही कलम ३१-डी पुढे केलं आणि वाद मुंबई उच्च न्यायालयातच आला. २०२० च्या सुरुवातीला तो आपसात मिटला.

या निकालाचा रोजच्या जगण्यातला अर्थ सरळ आहे. एफएमवर गाणं वाजवण्यासाठी मालकाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही, अॅपवर मात्र तो होकार लागतोच. होकार मागे घेता येतो, म्हणून गाणंही गायब होऊ शकतं.

डाउनलोड केलेलं गाणं तरी आपलं असतं ना?

बहुतेकांचा समज असाच असतो. विरार किंवा कल्याणच्या दिशेने जाताना नेटवर्क जातं, म्हणून गाणी आधीच उतरवून ठेवली जातात. फोनची मेमरी त्यांनी भरते, त्यामुळे ती आपल्याकडे आहेत असं वाटतं.

प्रत्यक्षात ती फाइल कुलूपबंद असते. या तंत्राला डिजिटल राइट्स मॅनेजमेंट म्हणजे डीआरएम म्हणतात. गाणं सांकेतिक रूपात साठवलं जातं आणि ते उघडण्याची किल्ली अॅपकडे असते. अॅप अधूनमधून सर्व्हरला विचारून घेतं की या माणसाची वर्गणी चालू आहे का, या गाण्याचा परवाना अजून आहे का. स्पॉटिफायवर डाउनलोड केलेली गाणी वाजत राहण्यासाठी ३० दिवसांतून किमान एकदा ऑनलाइन यावं लागतं, ते यासाठीच. दोन्हींपैकी एक उत्तर ‘नाही’ आलं, की फाइल फोनमध्ये असूनही वाजत नाही.

हे कुलूप तोडायचे उपाय इंटरनेटवर सापडतात. पण २०१२ च्या दुरुस्तीतच आलेल्या कलम ६५-ए नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडणं हा गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

थोडक्यात, दरमहा भरलेले पैसे हे भाडं असतं. कॅसेटचं तसं नव्हतं. मुलुंड-भांडुपच्या जुन्या घरांत माळ्यावर पडलेली कॅसेट टेप गुंतली तर पेन्सिलने गुंडाळावी लागे, पण कंपन्यांचं भांडण झालं म्हणून ती परत न्यायला कोणी दारात येत नसे. सारेगामाने २०१७ मध्ये आणलेला ‘कारवां’ हा ५,००० गाणी भरलेला रेडिओसारखा खोका ज्येष्ठांमध्ये लोकप्रिय झाला. त्यात सोपी बटणं होती हे एक कारण, पण त्यातली गाणी खोक्यातच राहतात, हेही त्याचं बळ.

आणि अॅपच बंद पडलं तर?

गाणं जाण्यापेक्षा हे मोठं नुकसान आहे, कारण त्यात अनेक वर्षांची निवड एकदम जाते. ज्या २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली, त्याच वर्षी विंक म्युझिक सुरू झालं. मेट्रो आजही धावते, विंक मात्र बंद करत असल्याचं एअरटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याआधी, जानेवारी २०२४ अखेर, रेसो हे अॅप भारतातून गेलं.

प्लेलिस्ट ही केवळ गाण्यांची यादी नसते. कोणी ती लग्नाआधी बनवलेली असते, कोणी आईच्या आवडीची गाणी तिला विचारून विचारून जमवलेली असतात. गाणी दुसऱ्या अॅपवर सापडतीलही. पण ती कोणती होती आणि कोणत्या क्रमाने होती, हे कुठे लिहून ठेवलेलं नसेल तर ते अॅपबरोबरच जातं.

जुनी गाणी तर सर्वांची असायला हवीत?

‘इतकी जुनी गाणी, त्यावर कसला हक्क?’ हा नेहमीचा प्रश्न. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुद्रणाची मुदत २०२० च्या अखेरीस संपली. पण शब्द आणि चालीचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांची मुदत २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींची २०६२ पर्यंत. त्यामुळे मुद्रण मोकळं झालं तरी गाणं पूर्ण मोकळं होत नाही.

छोट्या कंपन्यांच्या मराठी गाण्यांची अडचण आणखी वेगळी आहे. कंपनी बंद पडली, हक्क कोणाकडे गेले हे सांगणारं कोणी उरलं नाही, तर परवाना द्यायलाच माणूस नसतो. अशी भावगीतं, लोकगीतं अॅपवर येतच नाहीत.

चूक कोणाची?

ऐकणाऱ्याची तक्रार रास्त आहे. पैसे तेवढेच घेतले जातात आणि दुकानातला माल न सांगता कमी होतो. पण कंपनीला ‘नाही’ म्हणता येणं ही प्रत्येक वेळी मुजोरीच असते, असंही नाही. किंमत ठरवण्याची ताकद त्या नकारातूनच येते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क दिला, तोही लिहून सोडून देता येणार नाही असा. त्यासाठी जावेद अख्तर यांनी पुढाकार घेतला होता. गाण्याचा दर पडला, तर हा वाटाही त्याच प्रमाणात पडतो. फुकट ऐकण्याची सवय लागलेल्या बाजारात हा मुद्दा विसरून चालणार नाही.

प्रश्न आहे तो सांगण्याचा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू आहे. डिजिटल वस्तू नंतर काढून घेता येणार असेल, तर ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट न सांगता दुकानाला ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार नोंदवले आहेत आणि वर्गणीतून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं हा त्यातला एक आहे. पण वर्गणीच्या मधेच गाणी कमी झाली, तर ग्राहकाला काय मिळावं, यावर ही तत्त्वं थेट बोलत नाहीत.

तुम्ही काय करू शकता?

• करडं गाणं दिसलं की त्याच नावाने पुन्हा शोधा. तेच गाणं अनेकदा दुसऱ्या अल्बममध्ये किंवा संकलनात वेगळी नोंद म्हणून असतं आणि तिथून वाजतं.

• प्लेलिस्टची यादी अॅपबाहेर ठेवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा स्क्रीनशॉट काढा किंवा गाण्याचं नाव, गायक आणि चित्रपट वहीत लिहा.

• जीव की प्राण असलेली दहा-वीस गाणी विकत घ्या. काही ऑनलाइन दुकानं आणि बँडकॅम्पसारख्या ठिकाणी स्वतंत्र कलाकार कुलूप नसलेल्या फाइल विकतात. जुनी सीडीही चालेल.

• वर्षाची वर्गणी एकदम भरण्याआधी विचार करा. महिन्याची वर्गणी थोडी महाग पडते, पण गाणी गेली तर बाहेर पडता येतं.

• ऑटो-पेवर लक्ष ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. बँकेच्या किंवा यूपीआय अॅपमधून हा आदेश रद्द करता येतो.

• अॅप बंद करूनही पैसे कापले जात असतील तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. तरीही दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोग आहे. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडच्या रहिवाशाला मुंबई उपनगर जिल्ह्याच्या आयोगाकडे म्हणजे वांद्रे पूर्वेला जाता येतं. तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क लागत नाही.

घरात वडीलधाऱ्यांच्या फोनवर अॅप टाकून देताना एवढं त्यांना नक्की सांगा. यातलं गाणं उद्या वाजलं नाही, तर तुमच्या हातून काही चुकलेलं नसतं.