शाळा निवडताना ताटाचाही विचार करा

जून जवळ आला की घराघरात चर्चा सुरू होते: मुलाला उर्दू शाळेत घालायचे, मराठी की इंग्रजी? फी, गणवेश, रिक्षाभाडे या सगळ्याचा हिशेब होतो. मूल दुपारी काय खाणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. खरे तर शाळा बदलली की मुलाचे ताटही बदलते.

जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना शिजवलेले अन्न मिळते. १९९५ साली सुरू झालेल्या या योजनेला २०२१ पासून पीएम पोषण असे नाव आहे. मुलांसाठी ती आजही ‘खिचडी’च. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना ही योजना लागू नाही. तिथे पोषणाचा सगळा भार आईने दिलेल्या डब्यावर असतो. फी भरता भरता घरातली अंडी आणि दूध कमी झाले आणि डब्यात बिस्किटे, वेफर्स किंवा नूडल्स गेले, तर महागड्या शाळेतले मूलही पोट भरून उपाशीच राहते.

खिचडी मिळते म्हणून निर्धास्त राहणेही बरे नाही. आपली अनेक मुले सकाळी चहा-पाव किंवा चहा-खारी खाऊन मकतबला जातात आणि तिथून थेट शाळेत. अशा मुलाचे लक्ष पहिल्या तासालाच उडते. आपण त्याला ‘ढ’ म्हणतो. ते भुकेले असते.

केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांची २२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि २३ टक्के मुले अतिशय बारीक आढळली. जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांत रक्त कमी होते.

यावरचे उपाय महाग नाहीत. मकतबला जाण्यापूर्वी चहाऐवजी दूध-भाकरी, उकडलेले अंडे किंवा भिजवलेले चणे द्या. डब्यात मटकीची उसळ-चपाती, अंडा-भुर्जी किंवा मेथीचा पराठा द्या. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा, त्यामुळे लोह अंगी लागते. जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो. शाळेतली लोहाची गुलाबी गोळी जेवणानंतर घेऊ द्या. तिने शौच काळी झाली तरी घाबरू नका. जंताची गोळीही चुकवू नका. मूल सरकारी शाळेत असेल तर एखाद्या दुपारी जाऊन खिचडी चाखा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, तिथे बोला.

आणखी एक गोष्ट. दस्तरखानावर बोटी मुलाला आणि रस्सा मुलीला, असे होऊ देऊ नका. औलाद ही अल्लाहची अमानत आहे, मुलगा असो वा मुलगी. या वर्षी दाखल्याचा अर्ज भरण्यापूर्वी फीच्या हिशेबात डब्याचा खर्चही मांडा. तो परवडत नसेल, तर खिचडी देणारी जवळची शाळा कमी प्रतीची समजू नका.